सदातुर : वित्तक्षेत्रातील दीर्घ कार्यकाल आणि वैद्याचे उत्तरदायित्व

रात्री आठच्या आत लघु आहार घ्यावा, दहा वाजता निद्रा घ्यावी, प्रातःकाळी उष्णोदक प्यावे, जागरण व चिंता वर्ज्य करावी. अशा पथ्यसूचनांचा छापील कागद आपणांपैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात असतो. आमच्याही आहे. त्या कागदाची निरर्थकता ज्या रुग्णामुळे आमच्या ध्यानी आली, त्याच्या वृत्तांताने प्रस्तुत लेखास आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी ३४ वर्षे वयाचे एक गृहस्थ अम्लोद्गार, उरोदाह, मलावष्टंभ आणि अल्पनिद्रा या तक्रारी घेऊन आमच्याकडे आले. मुंबईतील एका वित्तसंस्थेत कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवून देणाऱ्या विभागात ते काम करीत. आमच्या रुग्णपत्रकात मात्र ‘व्यवसाय : नोकरी’ एवढीच नोंद झाली. ऊर्ध्वग अम्लपित्त असे निदान करून आम्ही सूतशेखर, कामदुधा व अविपत्तिकर चूर्णाची योजना केली आणि उपरोक्त कागद हाती दिला. तीन महिने उपशय कमी-अधिक होत राहिला. एके रात्री कार्यालयातच त्यांच्या छातीत दुखू लागले. नेहमीचेच पित्त समजून त्यांनी आमच्याच गोळ्या घेतल्या, हातातील काम पूर्ण केले आणि पहाटे रुग्णालय गाठले. हृदयाच्या रक्तवाहिनीत अवरोध आढळला व स्टेंट बसवावा लागला. सुदैवाने प्राण वाचले.

पुढे ते भेटीस आले तेव्हा आम्ही प्रथमच त्यांना विचारले की, आपण घरी किती वाजता पोहोचता. त्या तीन महिन्यांत रात्री एकच्या आत ते क्वचितच घरी पोहोचले होते. “तुमचा कागद पाहिला की हसू यायचे, म्हणून घडी करून पाकिटात ठेवून दिला,” असे ते म्हणाले. तीन महिन्यांत आम्ही त्यांचा रक्तदाब एकदाच मोजला होता. हा दोष आमचा होता आणि तो कबूल करूनच पुढील विवेचन करीत आहोत.

सदातुर कोण?

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात सदातुरांचे, म्हणजे नित्य रोगी राहणाऱ्यांचे, वर्णन आले आहे. श्रोत्रिय, राजसेवक, गणिका आणि पण्यजीवी, म्हणजे व्यापारावर उपजीविका करणारा, असे चार वर्ग तेथे सांगितले आहेत. त्यांची कारणे मननीय आहेत. राजसेवक स्वामीची मर्जी राखण्यात, दुसऱ्याच्या इच्छेनुसार वागण्यात, अतिचिंतेत आणि भयात गुंतलेला असतो. पण्यजीवी सतत बैठक मारून बसतो आणि खरेदी-विक्रीच्या लोभाने तेथून उठत नाही. परिणामी या सर्वांकडून उत्पन्न वेगांचा निग्रह घडतो, भोजनाची वेळ टळते आणि मलविसर्ग व विहार अकाली होतात. जे अन्य कोणी असे वागतील तेही सदातुरच होत, असा व्यापक निर्णय आचार्यांनी शेवटी दिला आहे.

आजचा वित्तक्षेत्रातील तरुण कर्मचारी एकाच देही राजसेवक आणि पण्यजीवी असे दोन्ही असतो. वरिष्ठाची व ग्राहकाची मर्जी, नोकरी जाण्याचे भय, दिवसभराची बैठक आणि व्यवहाराचा लोभ ही चारही कारणे त्याच्या ठायी एकत्र येतात. त्याचा व्याधी कोष्ठात दिसत असला तरी हेतू त्याच्या घड्याळात असतो. ते घड्याळ न पाहता दिलेले औषध हेतूला स्पर्शही करीत नाही, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हे क्षेत्र असे का चालते?

रुग्णाच्या व्यवसायाचे स्वरूप कळल्याविना निदानपरिवर्जन शक्य नाही, म्हणून ते संक्षेपाने पाहू.

ज्यास इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणतात, त्या क्षेत्रात कंपन्यांचे विलीनीकरण, भागविक्री, कर्जरोखे इत्यादी व्यवहार जुळवून दिले जातात. मोबदल्याचा मोठा भाग व्यवहार पूर्ण झाला तरच मिळतो, त्यामुळे ग्राहकास नकार देण्याची कोणाची छाती होत नाही. कामाची उतरण विचित्र असते. वरिष्ठ अधिकारी दिवसभर ग्राहकांच्या बैठकांत असतात व सायंकाळी परतून कनिष्ठांच्या कामात दुरुस्त्या सुचवितात. त्या सकाळपर्यंत पुऱ्या व्हाव्यात अशी अपेक्षा असते. म्हणजे कनिष्ठाचा दिवस प्रतीक्षेत आणि रात्र कामात जाते. वेतन व वार्षिक बोनस घसघशीत असतात आणि दोन-तीन वर्षे सोसली की पुढचे दार उघडते, या आशेवर तरुण टिकून राहतात.

भारतातील शहरांत याला आणखी एक पदर आहे. मुंबई, पुणे, बेंगळुरू येथील अनेक कार्यालये लंडन व न्यूयॉर्कसाठी काम करतात. न्यूयॉर्कचा शेअरबाजार तेथे सकाळी साडेनऊला उघडतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे सात आणि हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात. तो बंद होतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे दीड किंवा अडीच वाजतात. त्या वेळेस बांधलेल्या कर्मचाऱ्यास ‘दहा वाजता झोपा’ असे सांगणे म्हणजे नोकरी सोडा असे सांगणे होय.

तिसरा वर्ग सनदी लेखापाल, त्यांचे सहायक आणि बँक कर्मचारी यांचा. यांचे जागरण बारमाही नसून मोसमी असते. त्याचे विवेचन पुढे येईल.

घटना आणि आकडे

२०१३ मध्ये लंडनमधील एका मोठ्या बँकेत उन्हाळी प्रशिक्षण घेणारा २१ वर्षांचा विद्यार्थी निवासस्थानी मृत आढळला. अपस्माराच्या वेगामुळे मृत्यू झाल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. अतिश्रम हे त्याचे उत्तेजक कारण असू शकेल, परंतु तसे निश्चित म्हणता येणार नाही, असेही तेथे नमूद झाले. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने कनिष्ठ कर्मचाऱ्यांना शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी सकाळी नऊ या वेळेत कार्यालयात काम करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. २०१५ मध्ये प्रशिक्षणार्थींनी मध्यरात्र ते सकाळी सात या काळात कार्यालयात थांबू नये असा नियमही केला.

नियम झाले, तथापि प्रश्न सुटला नाही. २०२१ च्या आरंभी त्याच संस्थेतील प्रथम वर्षाच्या १३ कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी आपसांत केलेली पाहणी प्रसिद्धीस आली. त्यांचे आठवड्याचे काम सरासरी ९५ तासांच्या आणि रात्रीची झोप ५ तासांच्या घरात होती. सातही दिवस धरले तरी हे काम रोज साडेतेरा तासांहून अधिक होते. १३ जणांची पाहणी म्हणजे शास्त्रीय अध्ययन नव्हे हे खरे, परंतु तिला रुग्णाच्या तोंडच्या वेदनेइतके मोल निश्चित आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जे. पी. मॉर्गनने कनिष्ठांसाठी बहुतांश प्रसंगी आठवड्यास ८० तासांची मर्यादा ठरविली.

ही मर्यादा कितपत सुरक्षित आहे? जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अध्ययनानुसार आठवड्यास ५५ तास वा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृद्रोगाने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात दीर्घ कार्यकालाशी संबंधित असे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे. सारांश, ज्या ८० तासांस सवलत म्हटले जाते, ते धोक्याच्या या रेषेपेक्षा २५ तासांनी वर आहेत.

हा विषय आपल्या अंगणातही आला आहे. पुण्यातील एका लेखापरीक्षण संस्थेत रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचे जुलै २०२४ मध्ये, नोकरीस चार महिने होतात न होतात तोच, निधन झाले. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांस लिहिलेले कामाच्या ताणाविषयीचे पत्र सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि देशभर चर्चा झाली. त्या मृत्यूच्या कारणाविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु ते पत्र वाचताना आमच्या प्रतीक्षाकक्षात बसणारे अनेक तरुण चेहरे आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, एवढे अवश्य सांगतो.

संप्राप्तीचा विचार

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी पहिल्या दोहोंवर येथे एकाच वेळी आघात होतो. रात्रिजागरण रूक्ष असल्याने वात वाढतो. विषमाशन व अध्यशन यांनी अग्नी विषम होतो. मध्यरात्रीनंतर मागविलेले मसालेदार अन्न आणि अखंड कॉफी यांनी पित्त विदग्ध होते. बैठकीमुळे मेद व कफ साचतात. एकाच रुग्णात कार्श्याची तक्रार नसता उदरवृद्धी आणि रूक्ष त्वचा, स्थौल्य आणि अनिद्रा अशी परस्परविरोधी लक्षणे दिसतात, त्याचे मर्म येथे आहे.

चरकांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत निद्रेचा समावेश आहे. तिचा वेग धारण केल्याने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व नेत्रगौरव उत्पन्न होतात आणि त्यावर निद्रा व संवाहन हेच उपाय सांगितले आहेत. संगणकापुढे बसणाऱ्या रुग्णाची ‘डोके जड, डोळे जड, अंग मोडून आले’ ही तक्रार या सूत्राशी तंतोतंत जुळते. आपण मात्र प्रथम शिरःशूलाची गोळी शोधतो. निद्रानाशाची कारणे सांगताना आचार्यांनी विकार, प्रकृती व वायू यांच्या जोडीस कार्याचीही स्वतंत्र गणना केली आहे. काम हेच कारण असेल तर ते रुग्णपत्रकात लिहिलेच पाहिजे.

शोधनकाल आणि हिशेबाचे पंचांग

लेखापाल व बँक कर्मचाऱ्यांच्या बाबतीत एक विलक्षण अडचण आम्हांस आढळली. ऋतुसंचित दोषांच्या निर्हरणासाठी वाग्भटांनी श्रावण, कार्तिक व चैत्र हे मास सांगितले आहेत. त्यांच्या शेजारी वित्तक्षेत्राचे पंचांग ठेवून पाहावे.

चैत्र : ३१ मार्चची वर्षअखेर आणि एप्रिलमधील बँकशाखांचे लेखापरीक्षण. वमनाचा काळ यातच येतो.

श्रावण : प्राप्तिकर विवरणपत्रांची सर्वसाधारण मुदत ३१ जुलै. शेअरबाजारात सूचीबद्ध कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत द्यावे लागत असल्याने १४ ऑगस्ट ही दुसरी मुदत. बस्तीचा काळ हाच.

कार्तिक : ३० सप्टेंबरचा कर-लेखापरीक्षण अहवाल, त्यापाठोपाठ ३१ ऑक्टोबरची विवरणपत्रे आणि १४ नोव्हेंबरचे तिमाही निकाल. विरेचनाचा काळ याच गर्दीत सापडतो.

मुदती कधी वाढवून मिळतात, तेव्हा जागरणही तितकेच लांबते. शिवाय वस्तू व सेवा कराची मासिक विवरणपत्रे साधारणतः ११ व २० तारखेस असतात. अशा रुग्णास केवळ मास पाहून शोधन देणे आम्ही सोडून दिले आहे. बस्तिकर्मास जितके दिवस लागतात त्याच्या दुप्पट परिहारकाल शास्त्राने सांगितला आहे. त्या काळात अतिआसन, वेगरोध, दिवास्वप्न, शोक-क्रोध आणि अकाली भोजन वर्ज्य आहे. आठ दिवसांचा योगबस्ती घेऊन नवव्या दिवशी लेखापरीक्षणास बसणारा रुग्ण नेमके हेच सर्व करतो. त्यास लाभ तर होत नाहीच, उलट ‘पंचकर्म करूनही गुण नाही’ असा अपवाद आपल्या शास्त्रावर येतो. रजा निश्चित झाल्यावरच शोधन, अन्यथा शमन व मृदु उपक्रम, असा दंडक आम्ही पाळतो. सदातुरांसाठी आचार्यांनी आरंभी स्नेहयुक्त फलवर्ती सांगितली आहे, तीमागील सावधपणा लक्षात घेण्याजोगा आहे.

व्यवहार्य चिकित्सा

१. प्रश्न. पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचाराव्यात : कालच्या दिवशी घरी किती वाजता पोहोचलात, किती तास झोपलात, दुपारचे व रात्रीचे जेवण किती वाजता झाले, आणि मागील पूर्ण सुटी कधी मिळाली. ‘साधारणपणे’ असे विचारल्यास रुग्ण आदर्श वेळ सांगतो, ‘काल’ असे विचारल्यास खरी सांगतो.

२. निद्रा. असात्म्य जागरण घडल्यास जागरणाच्या निम्मा काळ प्रातःकाळी उपाशीपोटी झोप घ्यावी असे वाग्भट सांगतात. सुश्रुतांनीही रात्री जागलेल्यास जागरणाच्या निम्मा काळ दिवसा निद्रा मान्य केली आहे. पहाटे तीनला झोपणाऱ्यास सातला उठवून व्यायामास पाठविणे अशास्त्रीय आहे. दिवसा कार्यालयात आडवे होणे शक्य नसेल तर खुर्चीत बसून घेतलेली डुलकी चालते. आसीन प्रचलायित रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असे चरकमत आहे. पादाभ्यंग, शिरोभ्यंग, कोमट दूध हे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. ते रात्री दोन वाजताही करता येतात, हे रुग्णास आवर्जून सांगावे.

३. आहार. जेवणाची वेळ बदलता येत नसेल तर ती निदान रोज एकच ठेवावी. सायंकाळी सातच्या सुमारास कार्यालयातच मुख्य जेवण आणि घरी परतल्यावर केवळ पेज, मुगाचे कढण वा दूध, ही योजना आमच्या रुग्णांना मानवली आहे. दूध मात्र लवणयुक्त कढणासोबत देऊ नये.

४. औषधसेवनकाल. ‘प्राग्भक्त’, ‘निशि’ या संज्ञा रुग्णाच्या घड्याळात बसवून लिहाव्यात. पहाटे तीनला झोपून सातला उठणाऱ्याने ‘झोपताना’ म्हणून घेतलेले अनुलोमक त्यास लोकलच्या गर्दीत गाठते. काढा उकळण्यास ज्याला वेळ नाही, त्यास वटी वा चूर्ण द्यावे. न घेतलेला उत्तम काढा घेतलेल्या साध्या वटीहून श्रेष्ठ नव्हे.

५. धोक्याची लक्षणे. उरोदाह म्हणणाऱ्या प्रत्येक दीर्घश्रमी रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम, श्वासकष्ट, अथवा अकस्मात बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूस दौर्बल्य यांपैकी काही आढळल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वय तिशीचे आहे म्हणून हृद्रोग नाकारू नये. जगणे नकोसे झाल्याची भाषा रुग्ण बोलल्यास ती गांभीर्याने घ्यावी, कुटुंबीयांस विश्वासात घ्यावे व मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. शासनाची टेली मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधालयचालक बंधूंस

मार्च व सप्टेंबरमध्ये ‘जागता येईल असे काहीतरी द्या’ अशी मागणी आपल्या दुकानात वाढते, हे आपण जाणताच. अश्वगंधा, शिलाजतु व ताणमुक्तीच्या नावाने मिळणाऱ्या विविध कॅप्सूल तेव्हा हातोहात खपतात. विक्रीस आमचा विरोध नाही, परंतु विकण्याच्या हेतूविषयी विचार व्हावा. दमलेल्या बैलास पराणी टोचल्याने तो चार पावले अधिक चालतो, त्याचे बळ वाढत नाही. रसायन हे जागरणाची भरपाई नव्हे. आचाररसायनात सम जागरण व सम निद्रा यांचाच उल्लेख आहे.

शिवाय ही द्रव्ये सर्वथा निरुपद्रवी आहेत असे समजू नये. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याची काही वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत आणि २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीविषयी मतभेद असू शकतात. तथापि गर्भिणी, यकृताचे रुग्ण आणि अवटु ग्रंथीची औषधे घेणारे यांस ती वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये, याविषयी मतभेद नसावा. झोपेसाठी सर्पगंधा मागणाऱ्याचा रक्तदाब व मनःस्थिती जाणून घेणे अगत्याचे आहे, कारण ती रक्तदाब उतरविते आणि विषादग्रस्ताचा विषाद वाढवू शकते. एकच ग्राहक एका महिन्यात तीनदा अम्लपित्ताची गोळी नेऊ लागला, तर त्यास चौथी गोळी देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. आमच्या त्या रुग्णास असे कोणी पाठविले असते तर, हा विचार आजही आमच्या मनास लागून राहिला आहे. त्याला गोळी देणारे तर आम्हीच होतो.

समारोप

कार्यालयांचे तास कमी करणे वैद्याच्या हाती नाही. तो कायद्याचा, संस्थाचालकांच्या विवेकाचा आणि त्या तरुणांच्या संघटित आग्रहाचा प्रश्न आहे. परंतु विश्रांतीची आवश्यकता स्पष्ट शब्दांत लिहून देणे, रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र देताना संकोच न करणे आणि ‘हा व्याधी तुमच्या दुर्बलतेचा नसून तुमच्या दिनक्रमाचा आहे’ असे रुग्णास सांगणे, हे आपल्या हाती निश्चित आहे. अनेक तरुणांस हे वाक्य कोणी तरी अधिकाराने म्हणावे एवढीच अपेक्षा असते. अशा रुग्णांस सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत चिकित्सालय गाठता येत नाही, म्हणून आम्ही रविवारची सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. अन्य वैद्यबंधूंनीही असा प्रयोग करून पाहावा.

ते गृहस्थ आता दुसऱ्या विभागात काम करतात, वेतन पूर्वीपेक्षा कमी आहे आणि रात्रीचे जेवण घरी होते. आमचा पथ्याचा छापील कागद आम्ही बदलला आहे. त्यात वेळांच्या जागा मोकळ्या ठेवल्या असून त्या रुग्णासमक्ष, त्याला विचारूनच भरतो. रुग्णपत्रकात ‘व्यवसाय’ या शब्दाखाली ‘कामाचे तास’ अशी एक ओळ वाढविली आहे. ही एक ओळ प्रत्येक सदस्याने आपल्या रुग्णपत्रकात वाढवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.